मुलांना सगळे ठाऊक असते, तरी ऐन वेळी निर्णय चुकतो. मग शिकवायचे तरी काय?

विजापूर_रोडकर (१७ ऑगस्ट)

नमस्कार सोलापूरकर मंडळी. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून यंदा दहावीत आहे. गेल्या रविवारी शिकवणीचा जादा तास आहे असे सांगून तो घरातून निघाला. दुपारी कार्यालयातील एका सहकाऱ्याचा मला फोन आला, की तुमचे चिरंजीव हिप्परगा तलावाच्या रस्त्याला मोटारसायकलवर तिघांत मधल्या जागी बसलेले दिसले. गाडी मित्राच्या वडिलांची होती, चालवणारा सोळा वर्षांचा होता आणि हेल्मेट कोणाच्याच डोक्यावर नव्हते.

तो घरी आल्यावर मी जे बोलायचे ते बोललो आणि थोडे जास्तच बोललो. रात्री राग उतरल्यावर मी त्याला विचारले, की हे धोक्याचे आहे हे तुला ठाऊक नव्हते का. तो म्हणाला, "ठाऊक होते की. गेल्या महिन्यात रस्ता सुरक्षेवरच्या निबंधाला माझाच पहिला नंबर आला." मग बसलास कशाला, असे विचारल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सगळे निघाले होते. मी एकटाच नाही कसा म्हणणार?"

तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माहिती त्याच्याकडे आहे, अक्कलही बरी आहे, आणि तरी ऐन वेळी ती दोन्ही कामाला आली नाहीत. अशा वयातील मुलांना जबाबदारीने निर्णय घ्यायला शिकवायचे म्हणजे घरात नेमके काय करायचे, हे कृपया अनुभवातून सांगावे. उपदेश माझ्याकडेही भरपूर आहेत.

कडक_भाकरी (१७ ऑगस्ट)

निबंधाला पहिला नंबर देणाऱ्यांनी सोबत प्रात्यक्षिक परीक्षाही ठेवली असती, तर चिरंजीव काठावर पास झाले असते. निदान चालवायला तरी बसले नाहीत.

कोर्ट_कचेरी (१७ ऑगस्ट)

विनोद बाजूला ठेवून एक गोष्ट नोंदवतो, कारण ती पुष्कळ पालकांच्या गावी नसते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये सुधारणा होऊन कलम १९९अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवाना मिळतोच की, असे सांगणारे भेटतात. तो पालकांच्या संमतीने, बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरता असतो, आणि तसली गाडी आज रस्त्यावर शोधावी लागते.

माझे म्हणणे एवढेच, की किल्ली खुंटीवर टांगून ठेवणारा बापही त्या दिवशी एक निर्णय घेत असतो.

निवृत्त_मास्तर (१८ ऑगस्ट)

मी चौतीस वर्षे शहरातल्या एका शाळेत शिकवले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये मांडली, त्यांत निर्णय घेणे हे एक आहे. आमच्याकडे ती यादी आली, आम्ही ती फळ्यावर लिहिली, मुलांनी वहीत उतरवली आणि दहाच्या दहा पाठ म्हणून दाखवली. त्याच आठवड्यात त्याच वर्गातील पाच मुले शाळेच्या भिंतीआड मावा खाताना सापडली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही आणि अठरा वर्षांखालील मुलाला तर कोठेच विकायची नाही, असे २००३ चा कायदा सांगतो. तोही त्या मुलांना तोंडपाठ होता, कारण प्रकल्पवहीत तोच विषय होता.

त्यानंतर मी एक प्रयोग केला. नववीच्या वर्गाला सांगितले, की यंदाची सहल तुम्ही ठरवायची. ठिकाण, बस, जेवण, वर्गणी, सगळे तुमच्या हाती. मी फक्त सोबत येईन आणि जिवाला धोका असेल तेथेच तोंड उघडीन. तीन दिवस भांडून त्यांनी नळदुर्ग ठरवले, पावसाळ्यात नर-मादी धबधबा पाहण्यासाठी. वर्गणी कमी ठेवायची म्हणून जेवण प्रत्येकाने घरून आणायचे ठरले. त्या वर्गात चार मुले अशी होती, की ज्यांची आई पहाटेच कामाला जात असे आणि ज्यांना डबा मिळणे शक्य नव्हते. हे मला दिसत होते आणि जीभ सारखी वळवळत होती, पण मी गप्प राहिलो. सहलीत दुपारी ती चार मुले किल्ल्याच्या तटावर लांब जाऊन बसली. मग एका मुलीच्या लक्षात आले. पुढे काय झाले ते मी सांगत बसत नाही, पण पुढच्या वर्षी त्याच वर्गाने ठरवताना पहिला प्रश्न विचारला तो "कोणाला जमणार नाही?" हा होता. तो प्रश्न मी शिकवू शकलो नसतो.

मात्र त्या चार मुलांना तासभर तसे बसावे लागले, याची किंमत माझ्या प्रयोगासाठी त्यांनी मोजली, हेही मला अजून टोचते.

मनमोकळी (१८ ऑगस्ट)

मास्तर, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी नमस्कार.

मी किशोरवयीन मुलांच्या समुपदेशनाचे काम करते. मूळ प्रश्नातील "सगळे निघाले होते" ही मला निव्वळ सबब वाटत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. त्यांनी ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. त्यांत तेरा ते सोळा वर्षांची मुले होती, अठरा ते बावीसची तरुण मंडळी होती आणि चोविशीपुढची प्रौढ माणसे होती. काहींनी तो एकट्याने खेळला, काहींनी समवयस्क मित्र शेजारी असताना. मित्र शेजारी आले की लहान गटाने घेतलेली जोखीम एकदम वाढली, तरुणांची थोडी वाढली, प्रौढांच्या खेळात मात्र विशेष फरक पडला नाही. मोह आणि उत्तेजना यांना प्रतिसाद देणारा मेंदूचा भाग या वयात जोरात असतो आणि आवर घालणारा पुढचा भाग पुरता तयार व्हायला विशी ओलांडावी लागते, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे घरातील टेबलाशी बसून शहाणपणाने बोलणारा मुलगा आणि चार मित्रांत उभा असलेला तोच मुलगा, या दोघांना आपण एकच समजतो, तेथे आपली गल्लत होते.

म्हणून मी पालकांना दोन गोष्टी सुचवते. पहिली म्हणजे नाही म्हणण्याचे वाक्य आधी तयार ठेवणे आणि ते मोठ्याने म्हणून पाहणे. "मला हे योग्य वाटत नाही" असे पंधरा वर्षांचा मुलगा मित्रांना कधीच म्हणणार नाही. "बाप मोबाइल काढून घेईल रे" असे तो सहज म्हणेल, आणि त्या वाक्यात बापाने खलनायक व्हायला तयार असावे. दुसरी म्हणजे घरात एक खुणेचे वाक्य ठरवणे. मुलाने फोन करून ते म्हटले, की त्याला तेथून बाहेर पडायचे आहे हे ओळखायचे, तातडीच्या कामाचे निमित्त करून त्याला बोलावून घ्यायचे किंवा आणायला जायचे, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. शेवटची अट पालकांना सर्वांत जड जाते.

विजापूर_रोडकर (१८ ऑगस्ट)

ताई, खुणेचे वाक्य आवडले. आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या का, असे आम्ही ठरवले आहे. प्रश्न न विचारण्याबद्दल सौभाग्यवतींनी विचार करायला वेळ मागितला आहे.

कांडीवाला (१९ ऑगस्ट)

सर्वांचे वाचले. माझे मत थोडे कडू लागेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर होते आणि आई घरी विड्या वळायची. मी चौदा वर्षांचा असताना वडिलांचा हात मशीनमध्ये सापडला आणि त्यानंतर घरात कोणाच्या शिक्षणाचा खर्च करायचा, हे मला ठरवावे लागले. मी शाळा सोडून चादरीच्या कारखान्यात कांड्या भरायला लागलो आणि धाकटी बहीण शिकली. मला कोणी कौशल्ये शिकवली नाहीत, की कोणी खुणेचे वाक्य दिले नाही. आठवड्याचा पगार हातात आला की किराणा, भाडे आणि औषध यांची वाटणी आपोआप सुचत असे. तुमच्या मुलांच्या अंगावर काही पडतच नाही, म्हणून त्यांना निर्णय घेता येत नाही, असे मला वाटते. अंगावर पडले की सगळे येते.

लेकीची_आई (१९ ऑगस्ट)

कांडीवाला भाऊ, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच असहमती नोंदवते. चौदाव्या वर्षी तुमच्यासमोर दोन वाटा नव्हत्याच. तुम्ही ओझे उचललेत आणि मोठ्या मनाने उचललेत, पण त्याला निर्णय म्हणणे म्हणजे ज्या परिस्थितीने तुमची शाळा हिरावली तिला गुरूचा मान देणे होय. अंगावर पडून ज्यांचे भले झाले ते सांगायला उरतात. ज्यांचे झाले नाही ते अशा धाग्यांवर लिहायला येत नाहीत.

आणखी एक सांगते. या चर्चेत आत्तापर्यंत सगळे मुलगे आहेत. आमच्या घरात मुलगी सोळा वर्षांची आणि मुलगा चौदाचा आहे. मध्यंतरी मी आठवडाभर लक्ष ठेवले, तेव्हा जाणवले की मुलीने विचारून जायचे आणि मुलाने सांगून जायचे, असा नियम कोणीही न करता चालू आहे. क्लासहून येताना कोणत्या रस्त्याने यावे हेसुद्धा आम्ही तिला ठरवून दिले होते. अशा मुलीने अठरा वर्षे पूर्ण झाल्या दिवशी एकदम शहाणे निर्णय घ्यावेत, ही आमची अपेक्षा! आता क्लासचा मार्ग, वेळ आणि सोबत ती ठरवते, आणि मुलाने विचारून जायचे असा नवा नियम आहे. चिरंजीव दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवले.

कांडीवाला (१९ ऑगस्ट)

ताई, तुमचे बरोबर आहे. रात्रपाळीत बसून तुमचे लिखाण दोनदा वाचले. माझ्या मुलीला मी कारखान्यात पाठवणार नाही, हे तर उघडच आहे. पण शनिवारी पगार झाला की मी तिला शेजारी बसवून हिशोब दाखवतो, कोठे किती गेले आणि कोणते देणे पुढे ढकलले तेही. ती बारा वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने स्वतःहून सांगितले, की सहलीला जात नाही. मी तिला पाठवले, कारण तो विचार तिने करावा पण भार तिने उचलू नये, असे मला वाटले. हे माझ्या वरच्या लिखाणाशी जुळत नाही, हे मला कळते.

शेंगाचटणी (२० ऑगस्ट)

पैशावरून आठवले. आमच्या मुलाचे आम्ही बँकेत त्याच्या सहीवर चालणारे खाते उघडले. दहा वर्षांपुढच्या मुलांना तशी मुभा असते, मर्यादा बँक ठरवते. वर्षभराचे कपडे, चपला-बूट, वाढदिवसाच्या भेटी आणि बाहेरचे खाणे यांचे पैसे जूनमध्येच त्या खात्यात टाकले आणि सांगितले, की पुढच्या जूनपर्यंत यातच भागवायचे. त्याने पहिल्याच महिन्यात नवी पेठेत जाऊन जवळजवळ अर्ध्या रकमेचे बूट घेतले. दिवाळीला त्याच्या अंगात गेल्या वर्षीचा शर्ट होता, मनगटाच्या चार बोटे वर.

यात सर्वांत अवघड काम मुलाला शिकवण्याचे नव्हते, आजीला आवरण्याचे होते. "पोराला सणाला नवे कापड नाही, लोक काय म्हणतील?" असे म्हणत त्या तीनदा पदराची गाठ सोडायला निघाल्या. मुलाने चूक करावी हे एक वेळ आपल्याला पटते, पण ती चूक पाहुण्यांना दिसावी हे सहन होत नाही.

कडक_भाकरी (२० ऑगस्ट)

पण बूट कसे निघाले, ते कोणी सांगेल का?

शेंगाचटणी (२० ऑगस्ट)

बूट उत्तम आहेत. मनगट वाढले तसा पायही वाढला, एवढीच अडचण आहे.

पार्क_चौक (२० ऑगस्ट)

सर्वांत मोठा निर्णय दहावीनंतरचा असतो. मुलाला विज्ञान नको आणि आम्हाला वाणिज्य नको, अशा परिस्थितीत काय करावे? अकरावीचा अर्ज आता राज्यभर ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे पसंतीक्रम कोणी भरायचा यावरूनच आमच्याकडे रामायण झाले. आयटीआयचे नाव काढले तर घरात सुतक पडते.

संचालक (२० ऑगस्ट)

शाखानिवडीच्या तपशिलासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती. येथे मूळ विषयावरच राहू या.

सिद्धेश्वर_पेठ (२१ ऑगस्ट)

संचालकांची आज्ञा मान्य, पण एक विचार मांडतो. आपण ज्यांचा अभिमान बाळगतो ते आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले आणि १९४२ मध्ये तेथेच वारले. आज त्यांचे घर स्मारक म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. आपल्या मुलाने असा काही निर्णय घेतला तर आपण त्याला जबाबदार म्हणू की बेजबाबदार? सुरक्षित निर्णय आणि जबाबदार निर्णय यांत आपण गोंधळ तर घालत नाही ना?

कोर्ट_कचेरी (२१ ऑगस्ट)

डॉ. कोटणीस तेव्हा सत्ताविशीतले, शिकून तयार झालेले डॉक्टर होते आणि आपण काय करतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. हिप्परग्याला तिघांत मधल्या जागी बसण्याशी त्याची तुलना करू नये.

सिद्धेश्वर_पेठ (२१ ऑगस्ट)

तुलना केलेली नाही. शब्दाचा अर्थ विचारला आहे, आणि त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

बाबांच्या_खात्यावरून (२२ ऑगस्ट)

मी सतरा वर्षांचा आहे आणि बाबांच्या परवानगीने त्यांच्या खात्यावरून लिहितो आहे. हा सगळा धागा आमच्याविषयी आहे आणि आमच्यापैकी कोणीच त्यात नाही, म्हणून लिहावेसे वाटले.

"का गेलास?" असे तुम्ही विचारता तेव्हा तो प्रश्न नसतो. त्याला खरे उत्तर दिले तर "वर तोंड करून बोलतो" असे ऐकावे लागते आणि गप्प बसलो तर "काय विचारतोय मी?" असे. विजापूर रोडकर काकांच्या मुलाने खरे उत्तर दिले आणि काकांनी ते ऐकून घेतले, याचे मला नवल वाटले. पण तलावाकडे निघण्याआधी त्याने काकांना फोन केला असता, तर त्यांचे पहिले वाक्य काय असते, हे त्यांनी स्वतःशी विचारून पाहावे.

दुसरे असे, की मित्रांपुढे नाही म्हणता येत नाही हा आमच्या वयाचा दोष आहे असे येथे सगळे धरून चालले आहेत. मनमोकळी ताईंचा प्रयोग खरा असेलच, पण मोठ्या माणसांना शेजारी मित्र बसवून गाडीचा खेळ दिला म्हणून ती सुटली. त्यांना शेजारी पाहुणे बसवून लग्नाची यादी करायला द्यायला हवी होती. आमच्या घरी ताईच्या लग्नात किती माणसे जेवायला बोलवायची, हे आईला आणि बाबांना दोघांनाही मनापासून पटत नव्हते, तरी झाले तेच. कर्ज अजून फिटते आहे. कोणालाच नाही म्हणता आले नाही.

निवृत्त_मास्तर (२२ ऑगस्ट)

बाळ, तू लिहीत राहा.

विजापूर_रोडकर (२५ ऑगस्ट)

तीन दिवस लिहावे की नाही, या विचारात होतो. सतरा वर्षांच्या त्या मुलाने जो चिमटा काढला आहे तो नेमका लागला आहे.

सात वर्षांपूर्वी कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. त्याची परिस्थिती ठीक नाही, हे मला ठाऊक होते. पतसंस्थेतून कागद आले, तेव्हा टेबलाभोवती चौघे उभे होते, तिघांनी सह्या केल्या होत्या आणि पेन माझ्या हातात होते. मी सही केली. पुढे त्याने हप्ते थकवले आणि वसुली माझ्या पगारातून सुरू झाली. अजून दरमहा ३,२०० रुपये जातात. मुलाला हे आजवर सांगितले नव्हते. बापाची फजिती मुलापुढे कशाला मांडायची, असे वाटत असे.

काल रात्री सांगितले. तो आधी हसला. मग त्याने मला अजिबात अपेक्षित नसलेला प्रश्न विचारला: "सही करताना आईला विचारले होते का?" स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज एकदम थांबला. विचारले नव्हते. त्यानंतर आम्ही दोघांनी, त्या टेबलाशी मी काय म्हणायला हवे होते, याची वाक्ये करून पाहिली. माझी पहिली पाच वाक्ये त्याने नापास केली, कारण त्या प्रत्येकात समोरच्याला आग्रह करायला जागा होती. शेवटी "घरी विचारल्याशिवाय मी सही करत नाही, उद्या सांगतो" हे त्याने पास केले. ते सात वर्षे उशिरा सुचले.

सिद्धेश्वर पेठ यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडेही नाही. एवढे मात्र म्हणेन, की सही सुरक्षित वाटत होती.

मनमोकळी (२५ ऑगस्ट)

तुमच्या मुलाने नापास केलेली वाक्ये शक्य असल्यास येथे द्यावीत. मला ती कामात उपयोगी पडतील.

कडक_भाकरी (२६ ऑगस्ट)

मलाही. पुढच्या आठवड्यात मेहुण्याला गाडी घ्यायची आहे.

लेकीची_आई (२८ सप्टेंबर)

धागा वर काढते. विजापूर रोडकर, खुणेच्या वाक्याचा उपयोग झाला का?

विजापूर_रोडकर (२९ सप्टेंबर)

एकदाच झाला, आणि तोही म्हणावा तसा नाही. गेल्या शनिवारी संध्याकाळी मुले आसरा चौकात जमली होती आणि त्याच मोटारसायकलवर होटगी तलावाकडे जाण्याचा बेत निघाला. आमच्या चिरंजीवांनी ठरल्याप्रमाणे घरी फोन लावला. मी अंघोळीला गेलो होतो आणि सौभाग्यवती भाजीला गेल्या होत्या, म्हणून फोन आजीने उचलला. त्याने विचारले, "आजीच्या गोळ्या संपल्या का?" आजी म्हणाली, "अरे, मीच बोलतेय. कालच तर महिन्याभराच्या आणून ठेवल्यास की." आणि तिने फोन ठेवला.

तो पाच मिनिटे तेथेच उभा राहिला, असे म्हणतो. मग त्याने मित्रांना सांगितले, की आजीच्या गोळ्या संपल्या आहेत, आणि रिक्षा करून घरी आला. त्या रात्री आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. आजीने मात्र गोळ्यांबद्दल चार विचारले. रिक्षाचे साठ रुपये त्याने आपल्या वहीत घरखर्चाच्या खाली लिहिले आहेत. ते त्याच्या स्वतःच्या खर्चात धरावेत, असे त्याच्या आईचे म्हणणे आहे, आणि तो वाद अद्याप मिटलेला नाही.